रंगभवन आणि शेवटची लोकल

डोंबिवली-कल्याण परिसरातील पन्नाशी ओलांडलेल्या रॉकप्रेमींच्या स्मरणरंजनाचे, म्हणजे गेलेला काळ घासूनपुसून चकचकीत करण्याच्या छंदाचे, आद्यपीठ मुंबईतल्या धोबीतलावचे रंगभवन हेच होय. 1986 पासून भरू लागलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सवाला आणि 1984 साली स्थापन होऊन 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ झालेल्या ‘रॉक मशीन’ या बँडच्या कार्यक्रमांना आपण जातीने हजर होतो, असे सांगणाऱ्यांची संख्या पाहता त्या खुल्या प्रेक्षागृहात वानखेडेइतकी माणसे मावत असावीत, असे अनुमान काढावे लागते. त्यातही मुख्य बँड सर्वांत शेवटी वाजवीत असल्याने आणि मध्य रेल्वेची शेवटची लोकल कोणासाठीही थांबत नसल्याने, ज्या अखेरच्या गिटारवादनाचे वर्णन डोंबिवलीच्या फडके रोडवर डोळे मिटून केले जाते, ते रंगत असताना वर्णनकर्ता बहुधा भायखळ्याच्या पुढे पोहोचलेला असे (भक्तीच्या इतिहासात असे किरकोळ दोष क्षम्यच मानतात). हेडबँगिंग, म्हणजे तालावर मान झटकणे, ही तेव्हाची उपासना असून तिचे फळ मानेच्या पट्ट्याच्या रूपाने आज दिसते. पुढे रुग्णालये व शाळांभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरवणाऱ्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रंगभवनाचा आवाज बंद केला, याबद्दलचा या मंडळींचा संताप अजून ताजा आहे. मात्र तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रात्री दहानंतर ड्रम बडवू लागला, की त्याच नियमांचा हवाला देणारी नोटीस लिफ्टशेजारच्या फलकावर डकवणारे सोसायटीचे सचिवही यांच्यातलेच असतात.