सत्तावीसवाले काका

मे महिन्यात चंद्रपुरात संध्याकाळी भेटलेला माणूस तब्येत विचारत नाही, "आज किती?" विचारतो. समोरच्यानं फक्त आकडा सांगायचा. तो अचूक सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतो. तुकूममध्ये आहे, बाबूपेठेत आहे, बल्लारपूरलाही आहे. वय साठीच्या पुढे, अंगात खिशाची बंडी, खांद्यावर दुपट्टा. थर्मल वीज केंद्रातून, कोळसा खाणीतून नाहीतर पेपर मिलमधून निवृत्त. आमच्या गल्लीतले काका थर्मलवाले.

"46.2," काका सांगतात, आणि वर क्षणभर थांबतात. या थांबण्यात गावाचा अभिमान असतो. पण त्या दिवशी ब्रह्मपुरी 46.6 वर गेलेली असली तर काका जरा गप्प होतात. मग म्हणतात, "असू द्या जी, जिल्हा तर आपलाच आहे ना." अकोला पुढे गेलेलं मात्र त्यांना सोसत नाही. नागपूरची तर ते स्पर्धकांत गणनाच करत नाहीत. 43 झाले की तिथले लोक घाबरून फोन करतात, असं त्यांचं मत.

45 अंशांना उष्णतेची लाट म्हणायचं आणि 47 ला तीव्र लाट, ही हवामान खात्याची मोजणी काकांना तोंडपाठ आहे. लाट येते नि जाते. आपण लाटेतच राहतो, असं ते हसत सांगतात. शिवाय खात्याचा आकडा झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीतला, म्हणजे सावलीतला. जटपुरा गेटवर उभ्या पोलिसाच्या डोक्यावरचा नव्हे. 2007 च्या जूनच्या सुरुवातीला पारा 49 ला टेकला, त्या दिवशी काका ड्युटीवर होते. "बॉयलरपाशी होतो. बाहेर आलो तं बरं वाटलं!"

आता हाच माणूस घरात पाहा.

बाहेरचे शेहेचाळीस अंश छाती पुढे काढून सोसणारे काका बैठकीच्या खोलीतल्या एका अंशासाठी घरच्यांशी तासभर भांडू शकतात. एसीचा रिमोट बंडीच्या खिशात असतो. त्याला आलेलं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. आकडा ठरलेला: 27, आणि वर पंखा दोनवर. या आकड्यापर्यंत ते एका दिवसात आले नाहीत. आधी कित्येक वर्षं कूलरचे कट्टर होते. होळी झाली की वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंपाला तेल द्यायचं, टाकीत पाणी भरायचं, ही सगळी कामं त्यांची. आणि कूलरच्या बाबतीत त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. आमच्याकडची हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की पंचेचाळीस अंशांचा झोत ओल्या ताटीतून आला की अठ्ठावीसच्या आसपास उतरतो, तोही एका पंख्याच्या नि एका पंपाच्या विजेत. मुंबईच्या लोकांना हे पटत नाही, कारण तिकडच्या दमट हवेत कूलर म्हणजे ओलं फडकं तोंडावर मारल्यासारखा. खरी पंचाईत होते मृग लागल्यावर. हवेत ओल आली की ताटीतलं पाणी सुकत नाही, आणि सुकलं नाही तर गारवा कुठून येणार? पाऊस पडत नाही, उकाडा हटत नाही, चादरी चिकटतात. अशाच एका जूनमध्ये काकूंनी एसी आणवला. काकांनी तो बसवू दिला, पण कारभार स्वतःकडे घेतला.

आणि तिथून त्यांची खरी नोकरी सुरू झाली.

नातू शाळेतून येतो, रिमोट सापडला तर 16 वर नेतो. काका येतात. "काऊन बे, सोळावर कोणं केला?" मग व्याख्यान. खोली तापलेली असली की मशीन सोळाला काय नि सत्तावीसला काय, सारख्याच जोरानं सुरू होतं. सोळा लावलं म्हणून लवकर गार होत नाही, फक्त कुठं थांबायचं हे त्याला कळत नाही. दुसरं, एसीची टनातली ताकद मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. "आपल्याकडे 35 तं सकाळी दहालाच होते!" वरचा स्लॅब दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत असतो. अशा खोलीत सोळा हा आकडा म्हणजे निवडणुकीचा जाहीरनामा आहे, असं काका म्हणतात. लिहायला कोणी अडवत नाही. तिसरं, एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. हे तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच सांगतो. याच ब्युरोच्या नियमानं 1 जानेवारी 2020 पासून स्टारवाले एसी सुरू करताच 24 वर लागतात. काकांच्या मते दिल्लीला तीन अंश कमी कळतं. पण जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसी 20 ते 28 च्या दरम्यानच चालतील असा नियम आणणार असल्याचं सांगितलं, तेव्हा काकांनी पेपरातलं कात्रण स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. 20 वर पेनानं काट मारून.

त्यांचा थाट असा की जणू चंद्रपूरच्या वीज केंद्राचे 2,920 मेगावॉट आपल्याच घरातून जातात. युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो, हे ते जेवताना सांगतात. "तू दोन अंश खाली केलास, तिकडे पट्ट्यावर कोळसा वाढला." नातू खिडकीतून चिमण्यांकडे पाहतो. धूर खरंच वाढला असं त्याला वाटू लागलं आहे.

पाहुण्यांसाठी मात्र वेगळं दरपत्रक आहे, आणि त्यात विज्ञान नाही. जावईबापूंना 24. व्याही आले तर 25, विहीणबाई सोबत असल्या तर पुन्हा 24. काकूंचा भाऊ आला तर 27 च, वर "तुमी तं घरचेच" असं म्हणून पंखा तीनवर. भिशीच्या बायका येतात त्या दुपारी काका स्वतःच बाहेर जातात, कारण त्यांच्यासमोर आकडा बोलायची त्यांची हिंमत नाही. पुण्याचे जावई पहिल्याच उन्हाळ्यात फसले. "कितीवर ठेवू, जावईबापू?" असं विचारल्यावर ते सभ्यपणे म्हणाले, "तुम्हाला सोयीचं असेल तसं." रात्रभर ते सोय सोसत बसले.

सुखद तापमान म्हणजे किती, याचा अभ्यास जगात पुष्कळ झाला आहे. डेन्मार्कच्या फँगर या प्राध्यापकानं 1970 मध्ये त्यावर ग्रंथच काढला. त्यात हवेच्या तापमानाबरोबर भिंतींची धग, आर्द्रता, वारा, अंगावरचे कपडे आणि शरीराचे श्रम, अशा सहा गोष्टी धरल्या. पुढे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासातून दिसलं की भारतीय माणसाला बाहेरच्या हवामानाप्रमाणे जास्त तापमानही चालतं. जपाननं 2005 पासून सरकारी कचेऱ्यांत उन्हाळ्यात 28 ठेवून कोट-टाय काढायला सांगितलं. काकांना हे सगळं आवडतं. कोट-टायच्या बाबतीत तर ते जपानच्या कितीतरी पुढे होते. पण सहा गोष्टींतल्या शेवटच्या दोन त्यांनी कधी नीट वाचल्या नाहीत असा माझा संशय आहे. बंडी घालून खुर्चीत बसलेल्या माणसाला 27 सुखाचे असतात. गॅससमोर उभं राहून वीस पोळ्या लाटून, पाचवारी साडीत बैठकीत येणाऱ्या बाईला ते नसतात. त्या घरात आकडा ठरवतो तो बसलेला माणूस. स्वयंपाकघरात एसी नाही, आणि त्यासाठी कुणी कात्रण चिकटवत नाही.

गडचिरोलीकडचे साडभाऊ आरमोरीजवळच्या गावातून येतात तेव्हा काकांचं व्याख्यान जरा लंगडतं. वैनगंगेपलीकडच्या त्या घराला जाड मातीच्या भिंती नि कवेलू होते तोवर त्यांना आकड्याची गरज पडली नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं अंधारातच जंगलात जातात, ऊन चढायच्या आत परततात, दुपारी ओसरीत पडतात. आता पोरानं कवेलू काढून टीन टाकलं. घर पक्कं झालं आणि भट्टीही. रात्री अंगणात बाज टाकावी तर वाघाची भीती. "आमच्याकडे सोळाही नाही नि सत्तावीसही नाही," साडभाऊ म्हणाले, "लाईन आहे का नाही एवढंच आहे." त्यावर काकांनी मुकाट्यानं एसी 25 केला. साडभावासाठी 25! काकू दारातून पाहतच राहिल्या.

काकूंबद्दल मात्र सांगायलाच हवं. गेल्या उन्हाळ्यात त्या गोल बाजारातून कोणत्याही एसीला चालणारा एक स्वस्त रिमोट घेऊन आल्या. रिमोट फक्त हुकूम सोडतो, एसीकडून त्याला उलट निरोप येत नाही. त्यामुळे दुसऱ्या रिमोटनं मशीन कितीवर नेलं हे पहिल्याला कळतच नाही. काकांच्या खिशातल्या पडद्यावर 27 तसेच दिसत राहतात. एसीवरचा चमकणारा आकडा काकूंनी आधीच बंद करून ठेवला, उजेडानं झोप येत नाही म्हणून. हा दुसरा रिमोट मसाल्याच्या डब्यामागे असतो. काका मीटरपाशी बॅटरी घेऊन जातात, युनिट 300 ची रेघ ओलांडताना पाहतात, आणि वीज दर वाढल्याचं गल्लीभर समजावून सांगतात.

काकांचा आत्मविश्वास मात्र वाढला आहे. शेजाऱ्यांना ते मुद्दाम आत बोलावतात. "बसा. पाहा कसं गारगार आहे. कितीवर असेल सांगा?" खिशातून रिमोट काढून दाखवतात. शेजारी थक्क होतात, घरी जाऊन 27 लावतात, आणि घामाघूम होऊन स्वतःच्या एसी कंपनीला शिव्या देतात.

परवा पहाटे तीनला काकांना जाग आली.

"अहो ऐकता का, चादर द्या बरं एक. पाहा, मी म्हणत होतो ना, सत्तावीसमध्येसुद्धा थंडी वाजते!"

"हो ना," काकू म्हणाल्या. "दोन देऊ का?"