कोपर

दुसऱ्याच्या हातातील प्रत्येक वस्तू चुकीच्या रीतीने धरली गेली आहे अशी ज्याची जन्मजात खातरी असते, आणि ती बोलून दाखविण्यासाठी ज्याला पूर्वओळखीचीही आवश्यकता भासत नाही, असा एक तरी गृहस्थ प्रत्येक पेठेत असतोच. आमच्या पेठेला तो भाऊसाहेबांच्या रूपाने लाभला आहे. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच पहाटेपासून तालमीत जाऊन गदा फिरविणाऱ्या पोरांची कोपरे तपासू लागले. पहिलवान दिसला की जग त्याचे दंड पाहते, छाती पाहते, फार तर कान पाहते. भाऊसाहेब कोपर पाहतात. "कोपर कानाजवळ!" या दोन शब्दांपलीकडे त्यांचे तत्त्वज्ञान फारसे नाही, पण तेवढ्या भांडवलावर त्यांनी सबंध पेठेला जेरीस आणले आहे.

हे तत्त्वज्ञान आखाड्यापुरते राहिले असते तर माझी तक्रार नव्हती. गेल्या पावसाळ्यात मंडईपाशी एक अपरिचित सद्गृहस्थ मिटलेली छत्री खांद्यावर टाकीत असता भाऊसाहेबांनी त्यांना भर रस्त्यात थांबविले, कोपर कानाजवळ आणावयास लावले, आणि समोरचा मनुष्य वेडा आहे की साध्या वेषातील पोलीस आहे याचा निर्णय न झाल्यामुळे त्या बिचाऱ्याने छत्रीचे तीन फेरे निमूटपणे घालून दाखविले. घरी वहिनी छताची जळमटे काढतात त्या भाऊसाहेब बाहेर गेल्यावर, दाराला कडी घालून. महाराष्ट्र केसरीचा विजेता चांदीची गदा खांद्यावर घेऊन उभा राहिला, अवघे मैदान उठून टाळ्या पिटू लागले, आणि त्या गदारोळात माझ्या शेजारून एक व्यथित स्वर आला, "बाहेर गेलं हो!" काय बाहेर गेले, हे विचारण्याची मला गरज नव्हती.

एकदा कीर्तनात गदायुद्धाचे आख्यान चालले होते. नाभीखाली प्रहार निषिद्ध असताना भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली, आणि दोघांचाही गुरू असलेला बलराम क्रोधाने नांगर उचलून धावला, येथपर्यंत बुवा आले असता भाऊसाहेब माझ्या कानाशी लागले. त्यांच्या मते धर्माधर्माचा प्रश्न दुय्यम होता. मांडीवर घाव घालावयाचा तर कोपर खाली आणावे लागते, त्यायोगे गदेचे वर्तुळ मोडते, आणि आपल्या शिष्याने असा बेढब फेरा मारलेला पाहून कोणत्याही वस्तादाला नांगर आठवेल.

भाऊसाहेबांच्या घरी बडोद्याच्या मुजुमदारांनी संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहाही खंड आहेत, आणि त्यांच्याशेजारी लाल फडक्यात बांधलेले एक दप्तर आहे, ज्यात तालमीतील प्रत्येक गदाधराच्या शक्तीचा जमाखर्च ठेवलेला असतो. नाव, गदेचे वजन, फेरे, नाहक खर्च आणि शेरा, असे त्याचे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात पानेच्या पाने एकच शब्द आहे, आणि तो वाचकाने ओळखला असेलच. "भाऊसाहेब, श्रमच वाचवायचे तर देवानं अंथरूण कशाला दिलंय?" असे वस्तादांनी एकदा विचारले. श्रम करण्यासाठीच उचलावयाच्या वस्तूत श्रमाची काटकसर करणे यात जी विसंगती आहे, ती वस्तादांनी नेमकी पकडली होती. पण कारकून डगमगला नाही. श्रम वाचवावयाचे नाहीत, ज्याच्या त्याच्या खाती पडले पाहिजेत. पाठीच्या आणि कमरेच्या नावे पडावयाची रक्कम खांद्याच्या नावे पडते ती अफरातफर होय, असे त्यांनी ठणकावून सांगितले. वर दाखलाही दिला: गामा आणि झिबिस्को यांची १९१० साली लंडनला अडीच तासांहून अधिक वेळ रेंगाळून अनिर्णित राहिलेली कुस्ती १९२८ साली पतियाळ्यात गामाने मिनिटाच्या आत निकालात काढली, ताकदीचा हिशेब चोख असला म्हणजे असे होते.

मग त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून पोलादी गदा आणली. इथल्या मातीतून समुद्रपार गेलेली गदा तिकडच्या व्यायामशाळांत पोलादाची होऊन, अंगावर दहा पौंडांचा शिक्का घेऊन परत आली, आणि भाऊसाहेबांनी सर्वप्रथम तिची तागडीत रुजुवात करून साडेचार किलोंची नोंद केली. आमच्या तालमीतील गदा म्हणजे वेळूच्या दांड्यावर बसविलेला दगडी गोळा. वेळू किंचित लवतो, आणि चूक होऊ लागली की हाताला आधी खबर देतो. पोलादी दांडा लवत नाही. चुकीचा सारा दंड तो तत्काळ खांद्याकडून वसूल करतो. "हा दांडा म्हणजे कलेक्टर आहे," असे भाऊसाहेब भारावून म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितले ते, कबूल करणे जिवावर येत असले तरी, बिनचूक होते. गदा उचलावयाची नसते. समोर उभी धरून एका खांद्यावरून मागे सोडावयाची असते. पाठीमागे तिचा लोलक होतो, आणि लोलकाला झोक्यासाठी किती वेळ लागावा हे त्याच्या वजनावर नव्हे, लांबीवर ठरते. म्हणून घाई करणारा मल्ल कितीही बलदंड असला तरी गदेशी भांडत राहतो. तिने आपण होऊन दुसऱ्या खांद्याकडे वळावे, मग ओढावे, ओढताना श्वास सोडावा, आणि गोळा मागे असेतो कोपरे वर, कानाशी असावीत. भार सोसवत नसेल तर गदा बदलू नये. मूठ दांड्यावर चार बोटे वर सरकवावी, तीच गदा हलकी होते.

बाजारात पोती वाहणाऱ्या एका हमालाचा मुलगा तालमीत येत असे. ईर्षेने भलतीच जड गदा फिरवून त्याने खांदा दुखावून घेतला होता. खांदा निवळल्यावर भाऊसाहेबांनी त्याच्या हाती टोकाला वाळूची पुरचुंडी बांधलेली काठी दिली आणि पुढचे कित्येक महिने त्याच्यासमोर बसून तेच दोन शब्द इतक्या वेळा उच्चारले की तालमीतल्या पोरांनी त्या दोघांची नक्कल बसविली. मुलगा आता जड गदा लीलया फिरवितो, आणि दिवसा बापाबरोबर पोतीही उचलतो. या उपकाराबद्दल त्याने पेढे आणले तेव्हा भाऊसाहेबांनी पेढा घेतला तो डाव्या हाताने. वस्ताद त्यावरून काही बोलणार होते, पण बोलले नाहीत.

कारण मला पुढे दप्तरातच सापडले. भाऊसाहेब चहा सांगावयास आत गेले असता मी पहिले पान उलटले. पहिली नोंद त्यांच्या स्वतःच्या नावे होती, तरुणपणची. हनुमान जयंतीच्या दिवशी पैजेवर फिरविलेल्या दगडी गदेची. वजनाचा आकडा ऐटीत काढलेला, फेऱ्यांचा त्याहून ऐटीत, आणि शेऱ्याच्या रकान्यात नंतरच्या, पोक्त अक्षरात लिहिले होते: "उजवा खांदा. बुडीत."

गदा शिकावयाची असेल तर आमच्या पेठेत यावे. भाऊसाहेब पहाटे तालमीतच असतात, फी घेत नाहीत, आणि याहून चांगला शिक्षक माझ्या पाहण्यात नाही. मात्र पावसाळ्यात येणार असाल तर छत्री घरी ठेवून यावी, भिजलेले परवडते.