गाडी बघणारे मामा

हिंगोली जिल्ह्यात वसमत, सेनगाव, कळमनुरी, औंढा, कुठंही जा, जुनी गाडी बघायला माणूस एकटा निघत नाही. सोबत मामा लागतात. हे मामा कोणाचेच सख्खे नसतात. त्यांचं गॅरेज नाही, दलालीचा धंदा नाही, पण एमएच ३८ पासिंगच्या निम्म्या गाड्यांची कुंडली त्यांना तोंडपाठ असते. कोणती गाडी पुरात बुडाली, कोणती लग्नात उलटली आणि कोणत्या गाडीचा हप्ता थकलाय, हे आरटीओच्या आधी मामांना कळतं.

मामा गाडीपाशी गेले की आधी बोलत नाहीत. इंजिन चालू ठेवायला लावतात, ऑइलचं झाकण काढतात आणि वर तळहात धरतात. वाफ हाताला लागली की संपलं: "इंजिन बसलंय." मग डिपस्टिक ओढून तेल दोन बोटांत चोळतात, नाकाला लावतात. सायलेन्सरमध्ये करंगळी घालून काजळी बघतात. मीटर मागं फिरवलंय का, हे त्यांना क्लचच्या पॅडलवरचं झिजलेलं रबर सांगतं. शेवटी खिशातून चुंबक काढून पत्र्यावर फिरवतात. पुटी भरलेल्या जागी चुंबक घसरतं, आणि पाठोपाठ विकणाऱ्याचा चेहराही.

अशा मामांना एका हळदीच्या आडत्यानं नांदेडला नेलं. गाडी कोणती, हे वाटेत अर्धापूर येईस्तोवर सांगितलं नाही. पोचल्यावर समोर हिरव्या नंबरप्लेटची एमजी विंडसर. मामा थबकले. "हिरवी पाटी? सरकारी हाय का?"

"बॅटरीवरची आहे, मामा."

"आन् कंपनी?"

इथून पेच वाढला. एमजी हे नाव इंग्लंडात १९२४ पासूनचं, मालकी आता चीनच्या सैक कंपनीची, भारतात भागीदार जेएसडब्ल्यू आणि इथं पहिली गाडी आली २०१९ साली. शंभरी गाठलेली ही नवी कंपनी मामांच्या हिशेबात बसेना. "म्हंजे जुनी गाडी नव्या कंपनीची, का नवी गाडी जुन्या कंपनीची?" याचं उत्तर विकणाऱ्याकडेही नव्हतं.

बॉनेट उघडलं. आत प्लॅस्टिकची झाकणं आणि नारंगी वायरी. डिपस्टिक नाही, ऑइलचं झाकण नाही. मामा मागं गेले, वाकले, करंगळी पुढं केली आणि तशीच परत घेतली. सायलेन्सर नव्हता. आत बसून पाहिलं तर क्लचही नाही. चाळीस वर्षांची विद्या पाच मिनिटांत निकामी झाली. आडत्या उगाच मोबाइल बघू लागला. मोठ्या माणसाची फजिती समोरासमोर बघू नये, एवढी रीत हळदीच्या बाजारातही पाळतात.

पण मामा मुरलेले. ते डिकीकडे वळले. मामांच्या लेखी डिकी म्हणजे १९९२ सालची टाटा इस्टेट. त्यानंतर आलं ते सगळं हातरुमाल ठेवायचं. विकणारा उत्साहानं म्हणाला, "६०४ लिटरची आहे."

"दूध न्यायचंय का?" मामांनी वितीनं मापलं. "हळदीची पोती किती बसतात ते सांगा."

मग कागद निघाले आणि मामांच्या अंगात बळ आलं. ही गाडी २०२४ च्या सप्टेंबरात बाजारात आली तेव्हा ती दोन तऱ्हेनं मिळायची: बॅटरीसकट साडेतेरा लाखांपासून, किंवा ९ लाख ९९ हजारांपासून बिनबॅटरीची, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरमागे साडेतीन रुपये. विकणाऱ्यानं दुसरी तऱ्हा निवडली होती. मामांनी हे दोनदा ऐकलं.

"म्हंजे बैल तुमचा, अन् त्याचं काळीज फायनान्सवाल्याकडं गहाण?"

"तसंच काहीसं."

"मंग त्याची एनओसी दाखवा."

ती नव्हती. पाच हजार कापले जातील असा हिशेब मनाशी धरून असलेला विकणारा जरा सरळ बसला.

"बॅटरीची गॅरंटी?"

"आजीवन, मामा!"

"कोनाच्या आयुष्याची?"

हा प्रश्न मामांनी सवयीनं विचारला, पण नेमका वर्मी बसला. आजीवन हमी पहिल्या मालकालाच असते. गाडी विकली की ती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरवर येते. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं. आडत्याला नव्हतं.

तरी खरा घाव पुढंच होता. मामांनी चहा बशीत ओतला आणि सहज विचारलं, "तुम्ही आता कशात फिरता?" विकणाऱ्यानं अंगणातल्या कोऱ्या डिझेल गाडीकडे बोट केलं.

"कामून?"

या एका शब्दावर माणूस पार उसवला. घोषित ३३२ किलोमीटर एसी लावून उन्हाळ्यात मिळत नाहीत, रात्री लाइट गेली की सकाळचा बेत बिघडतो, बायको रोज विचारते किती टक्के राहिले. खरं तर हिंगोली-नांदेड जाऊन-येऊन पावणेदोनशेच्या आसपास, त्याला ही बॅटरी पुरते. आणि रात्रीच्या विजेसाठी उठायची सवय आपल्याकडं शेतीपंपानं कधीच लावून ठेवलीय. पण मामांनी हे तेव्हा बोलून दाखवलं नाही. किंमत उतरेपर्यंत गप्प राहणं हीच त्यांची अर्धी कारागिरी.

सौदा झाला, तोही मामांच्या अटींवर: फायनान्सची बाकी विकणाऱ्यानं फेडायची, एनओसी हातात आल्यावरच गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या, आणि सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी किती टक्के शाबूत आहे याचा छापील कागद. हा शेवटचा मुद्दा त्यांना आडत्याच्या कॉलेजातल्या पोरानं फोनवर सांगितला होता. मामांनी तो स्वतःचा म्हणून मांडला.

आता जिल्ह्यात कोणी जुनी बॅटरीवाली गाडी घ्यायची म्हटलं की मामांनाच बोलावणं येतं. चुंबक अजून खिशात असतं, बॉनेटही उघडायला लावतात, आत काही कळत नसलं तरी. तुम्ही जाणार असाल तर अवश्य न्या. त्यांचा दर ठरलेला आहे: जाताना पुढची सीट, येताना मटणाचं जेवण, आणि गाडी चांगली निघाली तर वर्षभर त्यांचं नाव घेणं.