किनोआ पेरूत पिकतो

डॉक्टरांनी आठ किलो वजन उतरवायला सांगितलं आणि जिममधल्या पोरानं आहाराचा तक्ता हातात ठेवला. सकाळी ओट्स, अकराला दहा बदाम आणि एक किवी, दुपारी किनोआ, रात्री सॅलड. महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, की सगळ्यात आधी हलका होणार तो खिसा.

आईनं चष्मा लावून कागद वाचायला घेतला.

"किनोआ म्हंजे काय रे?"

"धान्य आहे. पेरूत पिकतं."

"जामात?"

आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. मी तिला दक्षिण अमेरिकेतला पेरू देश समजावू लागलो. 'अमेरिका' एवढाच शब्द तिनं उचलला आणि कागद खाली ठेवला. "अमेरिकेचं धान्य बहात्तरला खाल्लंय बाबा आम्ही. लाल मिलो. भाकरी थापायला गेलं की चिरायची. परत नाही खायची मी."

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्यापुढे मिलो आणि सुकडीच्या वर कुठला आहारतज्ज्ञ बोलणार? मी गप्प बसलो. दुपारभर बसून तिनं तक्त्याचं मराठवाडी भाषांतर केलं. किवी खोडून दौलताबादचा जाम. बदामांच्या जागी मूठभर शेंगदाणे. सॅलडला तांदुळजा, शेपू, चुका, जे त्या दिवशी औरंगपुऱ्याच्या मंडईत स्वस्त असेल ते. तोंडी लावायला जवसाची चटणी. (हेच जवस 'फ्लॅक्स सीड्स' नावाच्या चकचकीत पाकिटात मी एकदा विकत आणले होते. तिला सांगितलेलं नाही.) मी चोरून आकडे पडताळले. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, बदामांत २१. आणि क जीवनसत्त्वात जाम हिरव्या किवीच्या दुपटीहून पुढे. आई पास.

गाडं अडलं ते किनोआपाशी. तिनं तिथं 'ज्वारी' लिहिलं, मी दुकानात गेलो, आणि चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग निघाली. ज्वारी उपटून काढायला माणूस मिळत नाही, रब्बीत शेतकरी हरभऱ्याकडे वळला. मग भाव चढणारच. मी घरी येऊन, तुमच्या पिढीचं खाणं किती शहाणपणाचं होतं, वगैरे सुरू केलं. आईनं मध्येच तोडलं.

"कशाचं शहाणपण? गहू परवडत नव्हता. पोळी सणालाच व्हायची. मिळाला असता तर कोण बडवीत बसलं असतं भाकरी?"

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या ताटात भाकरी कोण थापून वाढतं, तेही एकदा बघायला हवं. आमच्याकडे मी थापू लागलोय. अजून नकाशे होतात, पण चिरत नाहीत.

राहिला व्यायाम. गोगाबाबा टेकडी मी चार दिवस चढलो. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या भागात ते आठवड्यानं येतं, तेही रात्री-बेरात्री, आणि दाब असा की दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाही. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे पंधरा लिटरच्या तेरा बादल्या आणि वर एक कळशी. पायऱ्या बत्तीस. पिंपं दोन. त्या रात्रीनंतर जिमची फी मी भरली नाही. चार खेपांनंतर शेजारचे काका जिन्यात धापा टाकत भेटले. म्हणाले, "जायकवाडी भरलं काय अन् नाही काय, आपली तब्येत मात्र ठणठणीत राहणार."

दोन महिन्यांत तीन किलो उतरलं. डॉक्टर खूश झाले, काय करता म्हणून विचारलं. भाकरी, शेंगदाणे, जाम, असं सांगितलं. पाण्याचं सांगितलं नाही. त्यांचं घर तळमजल्यावर आहे.