सौदाशक्ती आणि चरी

आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या विद्यापीठांत अर्थशास्त्राचा विद्यार्थी सौदाशक्ती, म्हणजे आपल्या अटी दुसऱ्याच्या गळी उतरवण्याची ताकद, डॉलरमधल्या उदाहरणांवरून शिकतो. पण सुट्टीत मांडव्याला उतरून अलिबागच्या फार्महाऊसवर विसावताना चरी हे गाव त्याच तालुक्यात असल्याचा त्याला पत्ता नसतो. तेथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध, म्हणजे सरकारी सारा वसूल करणाऱ्या वतनदार मध्यस्थांविरुद्ध, १९३३ ते १९३९ शेते पडीक ठेवली, आणि कोलंबिया व लंडन येथे रीतसर अर्थशास्त्र शिकलेल्या (त्याकाळी अशा पदवीचा असाही उपयोग होत असे) डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. परंतु चरीत इंटर्नशिपचे प्रमाणपत्र मिळत नसल्याने तिची ‘केस स्टडी’ होत नाही.