काठी एकच? मग अर्ज नामंजूर

अमेरिकेत गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेल्या कामगाराला अपंगत्व भत्ता नाकारला गेला, तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. सोशल सिक्युरिटी खात्याकडे येणाऱ्या दर तीन अर्जांपैकी साधारण दोन पहिल्या टप्प्यावरच परत जातात. खातं म्हणतं, आम्ही नियमाने चालतो. अगदी खरं आहे, आणि नियम वाचण्यासारखे आहेत. वजन पेलणाऱ्या मोठ्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी खात्याच्या यादीत १.१७ क्रमांकाची नोंद आहे. तिच्यात बसायचं तर वॉकर, दोन काठ्या, दोन कुबड्या किंवा दोन्ही हातांनी चालवायची चाकाची खुर्ची लागते, असं वैद्यकीय कागदावर हवं. शिवाय ही अवस्था किमान बारा महिने टिकलेली किंवा टिकणारी हवी. एका काठीवर चालणाऱ्याचा दुसरा हात मोकळा राहतो, आणि मोकळा हात दिसला की खात्याला त्यात रोजगार दिसू लागतो.

यादीत न बसणाऱ्याला मग विचारतात, जुनं काम जमत नसेल तर देशात दुसरं कुठलं जमेल? ते काम तुमच्या गावात आहे का, तुम्हाला ते कोणी देईल का, हे कायद्याने बघायचंच नसतं. सुनावणीत उत्तर द्यायला रोजगार-तज्ज्ञ असतो आणि त्याच्या हाताशी मजूर खात्याचा व्यवसायकोश. या कोशावरून शेवटचा हात फिरला तो १९९१ साली. त्यात पाकिटांवर पत्ते लिहिणारा आहे, वर्तमानपत्रांची कात्रणं कापून चिकटवणारा आहे, मायक्रोफिल्मसाठी कागद लावून देणारा आहे, सुकामेवा निवडणाराही आहे. बसून करायची कामं, नव्या गुडघ्याला अगदी मानवणारी. अडचण एवढीच, की कामावर रुजू व्हायला गेल्या शतकात जावं लागतं आणि तिथवरचा प्रवासखर्च खातं देत नाही. जून २०२४ मध्ये खात्याने ११४ व्यवसाय अर्ज नाकारताना वापरायचे नाहीत असं ठरवलं. वरचे चौघे धरून आणखी १३ व्यवसायांसाठी जादा पुरावा मागितला. तोवर कात्रणं काढण्याजोगी वर्तमानपत्रंच किती उरली होती, हा भाग वेगळा.

वैद्यकीय पुराव्याचीही अशीच मौज आहे. सांधा स्वतःच्या हाताने उघडून बसवणाऱ्या सर्जनच्या मताला पूर्वी विशेष वजन होतं. २७ मार्च २०१७ पासूनच्या अर्जांना ते नाही. आता त्याचं मत आणि रुग्णाला न पाहता फक्त फाइल चाळणाऱ्या सल्लागाराचं मत एकाच पंगतीला बसतात. त्यात सर्जन मंडळींना ‘प्रकृती उत्तम, प्रगती समाधानकारक’ असं लिहायची सवय. त्यांच्या लेखी याचा अर्थ जखम भरली, जंतुसंसर्ग नाही. खात्याच्या लेखी, माणूस सोमवारपासून कामावर. म्हणून अपील करणाऱ्याने सर्जनकडून स्तुती न घेता आकडे घ्यावेत: किती मिनिटं बसवतं, किती वेळ उभं राहवतं, किती पौंड उचलवतं.

अपीलही चार पायऱ्यांचं आहे. आधी फेरविचार, मग प्रशासकीय न्यायाधीश, मग अपील परिषद आणि शेवटी संघीय न्यायालय. दर पायरीला साठ दिवसांची मुदत. फेरविचारात बहुतेकांना तोच नकार नव्या तारखेचा मिळतो, पण न्यायाधीशासमोर पोचलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक जिंकतात. यावर खात्याचे पाठीराखे म्हणतील की मधल्या काळात दुखणं वाढतं, नवे रिपोर्ट येतात. येतात ना. पण पहिल्या नकारानंतर किती जण घरीच बसतात, आणि ते कमी अपंग असतात की कमी चिवट, हे कोण तपासतं? चालता येत नाही हे सिद्ध करायला जिने चढायला लावणारी ही परीक्षा आहे. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनिसांनी २०२० मध्ये मोजलं, तर २००८ ते २०१९ या वर्षांत सुमारे १,१०,००० अर्जदार अंतिम निकालाआधीच वारले होते. अपंगत्व कायम टिकणारं नव्हतं, हे त्यांनी एका परीने सिद्ध केलं म्हणायचं.

लबाडीचं काय, हा आक्षेप रास्त आहे. केंटकीच्या एरिक कॉन नावाच्या वकिलाने खोट्या वैद्यकीय पुराव्यांवर कोट्यवधी डॉलरचे दावे मंजूर करवले आणि २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. पण त्या कारस्थानात वकील होता, डॉक्टर होते, खुद्द खात्याचा न्यायाधीश होता. दोन काठ्यांच्या नियमाने यांतला कोण अडला? बहुतेकांचे सांधेबदल यशस्वी होतात, म्हणून बारा महिन्यांची अट अन्यायाची नाही, हेही मान्य. तक्रार आहे ती ज्यांचे फसले त्यांनाही यशस्वी झालेल्यांच्या फाइलीत घालण्याबद्दल. आणि ही काही खैरात नव्हे. न्यू जर्सीतल्या मराठी अभियंत्याच्याही पगारातून ६.२ टक्के याच खात्यासाठी कापले जातात.

मात्र विलंबाचा एक फायदा नियमावलीतच लिहून ठेवला आहे. जुन्या कामातलं कौशल्य नव्या जागी उपयोगी नसेल आणि बैठं कामच जमत असेल, तर एकोणपन्नास वर्षांचा माणूस सहसा कामाला लायक ठरतो आणि पन्नास वर्षांचा अपंग. तेव्हा सुनावणीची तारीख पुढे गेली, तर अर्जदाराने आधी आपली जन्मतारीख तपासावी.