आतून काय निघेल, सांगता येत नाही

पावसाळा तोंडावर आला की नाशिकची महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. ही बातमी ज्याची त्याला वेगळी लागते. भाडेकरू धास्तावतात, मालक वकिलाला फोन लावतात, बिल्डर मनातल्या मनात मजले मोजतात. आणि सिडकोतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नाना पेपर खाली ठेवून विचारतात, "तुळया कसल्या असतील हो?"

असे नाना प्रत्येक कॉलनीत एक तरी सापडतात. सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सुतारकी घराण्यात कधी नव्हती. उभ्या आयुष्यात मोजमाप घेतलं ते लोखंडाचं. लोखंडाचा एक दोष असा, की आत-बाहेर ते सारखंच असतं. कंटाळलेला माणूस मग लाकडाकडे वळतो.

पॉलिश केलेल्या टेबलाशी नाना हात मागे बांधून उभे राहतात. विक्रेता लकाकी दाखवतो आणि नाना तेवढे जास्त साशंक होतात. "एवढं चोपडलंय म्हणजे काहीतरी झाकलंय." पण वखारीच्या मागच्या अंगाला, उन्हापावसात काळी पडलेली, खिळ्यांनी भरलेली आणि गल्लीतल्या कुत्र्याने नित्यनेमाने पावन केलेली फळी दिसली, की त्यांचा श्वास जड होतो. "हिच्यात आहे काहीतरी!"

लाकडाचं रूप पाहायचं तर ते ओलं करावं लागतं. पाणी लागलं की धुळीखालची रेघ क्षणभर वर येते. नानांचा ओला अंगठा त्यासाठीच. वखारवाल्याची पाठ फिरली, की अंगठा जिभेला आणि जिभेवरून फळीला. मात्र वखारवालाही बापाच्या गादीवर बसलेला आहे. फळीवर अंगठ्याएवढा ओला डाग दिसला, की भाव दोनशेने चढतो. "काका, आधी भाव ठरवा, मग काय चाटायचं ते चाटा," असं त्याने एकदा चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं. तेव्हापासून नाना निर्विकार चेहऱ्याने येतात, हवी ती फळी सोडून शेजारच्या तीन फळ्यांचे भाव विचारतात, आणि शेवटी "बरं, ही सडकी पण टाका त्यात," असं म्हणतात. घरी चारही फळ्या येतात.

फळी घरी आली की तिची कुंडली मांडली जाते. वखारीत नव्या सागाला अजून "सीपी" म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत 1950 साली नकाशावरून गेला, पण चंद्रपूर-बल्लारशाच्या सागाच्या पावतीवर तो टिकून आहे. नानांना सीपी चालत नाही. त्यांची प्रत्येक फळी डांगच्या जंगलातली, वघईहून बिलिमोऱ्याच्या छोट्या रेल्वेने उतरलेली आणि पेशवाईतल्या वाड्याला लागलेली असते. ती रेल्वे 1913 सालची आहे. पण नाना रंगात आले असताना सनावळी मध्ये आणायची नसते. फळीच्या एका टोकाला तपकिरी पट्टा असेल तर तो 1969च्या महापुराचाच. "गोदाकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला होता ना, तेव्हाचं पाणी हे!" मिस्त्री तो पट्टा हुंगून म्हणाला, "नाना, एरंडेल आहे. इथं कोणीतरी घाणा लावला असंल." नानांनी मिस्त्रीला त्या दिवशी चहा दिला नाही.

वाडा पडत नसेल त्या दिवसांत नानांची भूक एमआयडीसी भागवते. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांची पाईनची लाकडं भंगारवाले वजनावर विकतात. त्यांच्यावर गव्हाच्या ओंबीचा छाप असतो, देशाची दोन अक्षरं असतात आणि पुढे "एचटी". म्हणजे कीड मरावी म्हणून लाकडाचा गाभा 56 अंशांवर अर्धा तास तापवलेला. "एमबी" असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली. ती फळी नाना घरात घेत नाहीत. छाप वाचून ते देश सांगतात. नातवाच्या अभ्यासाच्या टेबलाला एक पाय जर्मनीचा, दोन इटलीचे आणि चौथा चीनचा आहे. टेबल डगमगतं, त्याला नाना चीनला जबाबदार धरतात.

खरा सोहळा पहिल्या रंध्याचा. पार्किंगमध्ये स्कूटर बाहेर काढून फळी मांडली जाते. घरच्यांना खाली बोलावलं जातं. "अहो, कुकर लावलाय!" हे उत्तर ग्राह्य नसतं. रंधा सरकतो, काळी साल सुटते, चामड्यासारखा सागाचा वास येतो आणि खाली सोनेरी अंगावर हिरवट-काळ्या रेघा उमटतात. "बघ!" नाना ओरडतात. चार दिवसांत उजेड लागून त्या रेघा सगळ्या एका तपकिरी रंगात मुरतात. सूनबाई विचारते, "नाना, त्या हिरव्या रेघा कुठे गेल्या?" त्यावर नाना म्हणतात, "तेव्हाच बघायच्या होत्या."

यातली खरी गंमत मिस्त्री आणि नानांच्या भांडणात आहे. मिस्त्री ज्याला खोड म्हणतो, नाना त्यालाच रूप म्हणतात. आणि दोघेही खरं बोलतात. फांदी जिथे फुटली तिथे गाठ असते: मिस्त्रीच्या मते कमजोर, नानांच्या मते डोळा. खोडाला बेचकं फुटलं तिथले तंतू एकमेकांत घुसतात: मिस्त्रीचा रंधा तिथे ओरबाडतो, नानांना तिथे मोरपीस दिसतं. आंब्याच्या ओंडक्यात बुरशी शिरली की ती आपापल्या हद्दी काळ्या बारीक रेघांनी आखून घेते. मिस्त्री म्हणतो, कुजायला लागलंय. नाना म्हणतात, अशी शाई कोणाला जमेल? सरळ वाढलेल्या, काही न सोसलेल्या झाडाची फळी गुळगुळीत निघते, चौकटीला उत्तम लागते, आणि नाना तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहत नाहीत.

अर्थात काही खोडींना रूप म्हणणं नानांनाही जड जातं. वाड्याच्या लाकडात गाडलेला खिळा असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहतो आणि मिस्त्रीच्या मशीनचं नवं पातं आलं, की बोलतो. पात्याचे पैसे नाना देतात, आणि खिळा हातोडीने घडवलेला, चौकोनी निघाला तर आनंदाने देतात. भुंग्याचं तसं नाही. कडेच्या पांढऱ्या लाकडात पिष्ट असतं, त्यावर तो पोसतो. सकाळी पलंगाखाली मैद्यासारखी पूड पडलेली दिसते. "जुनी भोकं आहेत, भुंगा केव्हाच गेला," नाना सांगतात. काकू पूड झाडून काढतात आणि दुसऱ्या दिवशी तितकीच पूड नव्याने दाखवतात. बोलत काही नाहीत.

माणसांनाही नाना याच नजरेने पारखतात. पुतणीला पाहायला आलेला मुलगा चकाचक होता, पॅकेज सांगताना अडखळला नाही. तो गेल्यावर नाना म्हणाले, "सनमायका आहे. कोपरा उचकटून बघा, आत भुसा." दुसरा आला तो तोतरा बोलणारा, शर्टाचं बटण चुकवून लावलेला. नानांनी त्याला गॅलरीत नेऊन तासभर फळ्या दाखवल्या. बाहेर येऊन म्हणाले, "गाठ आहे, पण गाभा पक्का." पुतणीने लग्न त्याच्याशीच केलं. मात्र नानांमुळे नव्हे. कॉलेजातच ठरलेलं होतं.

आता नानांचे डोळे 2027च्या सिंहस्थाकडे लागलेत. जग स्नानाच्या तारखा विचारतंय. नाना विचारतात, मेळा उठल्यावर मांडवांच्या फळ्या कुठे विकतील? ठेवायला जागा नाही. पलंगाखाली साग, माळ्यावर शिसव, जिन्याखाली सोसायटीच्या अध्यक्षांचा राग.

एवढ्या लाकडातून झालं काय, हा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. नातवाचं डगमगतं टेबल सोडलं, तर एक पोळपाट झाला. वादळात पडलेल्या सोसायटीच्याच आंब्याचा. वरचं अंग स्वच्छ. बुरशीच्या काळ्या रेघांची नक्षी काकूंच्या हुकमावरून खालच्या बाजूला. लाकूड नीट वाळेपर्यंत नानांना धीर निघाला नाही, त्यामुळे मृगाची हवा लागताच पोळपाटाला मध्ये खोलगट बाक आला.

"अहो, पोळी मधे जाड होतेय."

"दिवाळीनंतर सरळ होईल तो."

काकू वाद घालत नाहीत. पाऊस सुरू झाला की त्या परातीत भाकरी थापायला घेतात, आणि नाना ती भाकरी खाता खाता पाहुण्यांना पोळपाट उलटा करून दाखवतात.